काकांच्या घड्याळाची डायल

जुन्या घड्याळाची डायल मूळची आहे की नंतर रंगवलेली, हे मला बऱ्यापैकी ओळखता येतं. सांगलीत नोकरी करता करता जडलेला नाद. ओळखीचे लोक घड्याळं आणतात, मी भिंग लावून निकाल देतो. त्याची थोडी घमेंडही होती.

गेल्या वर्षी माझे काका-काकी कोरेगावहून आले. काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. ते त्यांच्या जतच्या दोस्ताचं. सीमेवर जाताना दोघांनी हौसेनं घड्याळं बदलून घातली होती. दोस्त परत आला नाही. आता ते त्याच्या मुलीला द्यायचं काकांच्या मनात होतं.

"समदं त्याचंच हाय का, येवढं बघ रं. म्या कुणाला हात लावू दिला न्हाई."

उजेडासाठी मी घड्याळ आतल्या खोलीत खिडकीपाशी नेलं. यंत्र जुनंच होतं. पण डायलवरच्या मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नव्हत्या. अक्षरं जाडसर, कडांना शाई फुटलेली. काट्यांवरचं रेडियम काळवंडलेलं, आकड्यांवरचं मात्र हिरवंगार. मी बाहेर येऊन सांगून टाकलं, "काका, ही डायल पुन्हा रंगवलेली आहे."

काकांनी घड्याळ परत घेऊन डोळ्यांजवळ धरलं. पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो तर मागोमाग काकी आल्या.

"माज्याच हातनं झालं बाबा. कपड्यासंगं भिजलं, डायल पार गेली. घड्याळ इसरून ते गावाला गेल्यालं, तवर साताऱ्यात रंगवून आणली. लय वर्सं झाली. त्यास्नी सांगू नगंस."

बाहेर आलो तेव्हा काकांचा चेहरा बदलला होता.

"आतल्या खोलीत तू एकटाच व्हतास. जुनी डायल कुटं ठिवलीस?"

मी काकींकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी काहीच बोललो नाही. दोघं न जेवता निघून गेले.

दिवाळीनंतर काका एकटेच एसटीनं आले. काकींनी कबूल केलं होतं.

"तिला काय बोललो न्हाई. तुला बोललो, ते चुकलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता पोरीला काय दिऊ? ह्यात त्याचं काय ऱ्हायलं?"

"यंत्र त्यांचंच आहे. काटेही."

"रोज बघायचो ते डायलकडंच की."

तरी आम्ही जतला गेलो. ती मुलगी आता पन्नाशीची. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डायलचंही. तिनं घड्याळ कानाला लावलं आणि डोळे मिटले. आम्ही निघेपर्यंत ते तिच्या मुठीतच होतं.

 परतीच्या एसटीत मिरज जवळ आल्यावर काकांनी विचारलं, "त्या दिवशी तुज्यावर आळ घेतला, तवा गप का बसलास रं?"

काकींसाठी, असं म्हणता आलं असतं. पण खरं म्हणजे मला भयंकर राग आला होता. कधीतरी त्यांना कळावं आणि त्यांनी खाली मान घालून माझ्या दारात यावं, एवढंच मला हवं होतं. आणि तसंच झालं होतं.

"असंच," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागले.