दोघांत एक गोळी

कमळे, पाडा सोडला त्या सकाळी बा दारातच उभा राहिला, रस्त्यापर्यंत आलाच नाही. आई मात्र अकलोलीच्या एसटी थांब्यापर्यंत आली. फडक्यात भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली नि दोनदा बजावलं, "एकटा खाव नको. गावल त्ये वाटून खा." तू नाक पुसत माझ्या पिशवीचा बंद धरून होतीस. आणि मी? एकदाचा सुटलो म्हणून खूश होतो, हे आज कबूल करतो.

पाड्यावर लग्नाचा विषय निघाला की मी रानात पळायचो. का, ते भावंडांत तुला एकटीलाच ठाऊक. इथे शहरात, नारपोलीत, कुणी विचारलं नाही. खोलीत आठ जण, गाद्या चार. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गादीवर आडवा. साबण, चार्जर, डोकेदुखीची गोळी, सगळं सगळ्यांचं. तिथेच बिरजू भेटला. उत्तर प्रदेशचा, लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, बारा तास उभा राहणारा, हसला की डोळे मिटणारा. वर्षभरात आम्ही दोघांनी वेगळी खोली घेतली. शेजारी समजतात, मित्र आहेत.

मी जवळच्या वळ गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागलो. तिथल्या एकानं क्लिनिकची वाट दाखवली. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. बिरजूला म्हटलं, तूही चल. "वहाँ कोई देख लेगा," म्हणाला, आणि विषय संपला. मग मी काय करावं? आईचा शहाणा मुलगा ना मी! एक दिवस मी गोळी घ्यायचो, एक दिवस त्याला द्यायचो. क्लिनिकच्या ताईंना सांगायचो, रोज घेतो. याहून मोठं प्रेम काय असतं, असं वाटायचं. गाढव होतो.

पुढे ड्युटी वाढली, तपासणी चुकायला लागली. तेव्हा ताईंनी घरी करायची किट दिली. दोन दिल्या. "एक जोडीदाराला," म्हणाल्या. शुक्रवारी लूम बंद असतात, नारपोलीत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो. अशा शुक्रवारी दुपारी आम्ही फरशीवर बसलो. बोटाला टोचलं, थेंब टाकला, मोबाइलवर वीस मिनिटं लावली. एक रेघ म्हणजे लागण दिसली नाही, दोन म्हणजे दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी. माझी एक आली. बिरजूच्या दोन. त्यानं किट उजेडात धरून बघितली. मग म्हणाला, "हम तो गोली खाते थे ना?"

त्याला खोलीवर ठेवून मी क्लिनिकला धावलो.

ताईंना सगळं खरं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. दिवसाआड घेऊन दोघांनाही पुरेसं संरक्षण नव्हतं, म्हणाल्या. शिवाय तपासल्याशिवाय त्याला गोळी द्यायलाच नको होती. माझ्या एका रेघेवरही विसंबायचं नाही, पुन्हा तपासायचं. पण उपचार आहे, रोज औषध घेतलं तर तो चांगला जगेल, फक्त त्याला घेऊन या. धावत खोलीवर आलो तर त्याची पिशवी जागेवर नव्हती.

मी पुन्हा तपासलं. एकच रेघ. दवाखान्यातही तेच सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

काल गावाहून त्याचा फोन आला. पहिला प्रश्न, "तेरा क्या आया?" एकच, म्हटल्यावर हमसून रडला. मी गयावया केली. परत ये, नाहीतर तिथल्या सरकारी दवाखान्यात तरी जा. तिथे त्याचा मामा कंपाउंडर आहे, चार दिवसांत गावभर होईल म्हणाला. "बुखार आता-जाता है, अम्मा काढ़ा दे रही है. तू फिकर मत कर, मैं घर पर हूँ."

कमळे, दर फोनला तू विचारतेस, घरी कधी येशील. माझं घर आता ही खोली. इथे गोळ्यांची बाटली उघड्यावर असते, मी रोज न चुकता घेतो आणि कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही. पाड्यावर ती बाटली मी कुठे ठेवू, सांग. माणूस घरी पोचला म्हटलं की आपण निर्धास्त होतो. बिरजू घरी पोचलाय, आईजवळ आहे, आणि तिथेच तो मरेल अशी मला भीती वाटते.