पाचवा शेकडा

२०२५ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, अन् निखाडे बाबू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. जायची पाळी माझी होती. त्यायची खबर आली तेव्हा मी इतवारीतल्या आमच्या ऑफिसात लिफाफ्याले गोंद लावत होतो. शेठजी फोन हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले अन् म्हणाले, "सुखदेव, बाबू गेले. धंतोलीच्या दवाखान्यात. आत्ताच." मी हातातला लिफाफा चिकटवला, त्याच्यावर दाब दिला, गठ्ठ्यात ठेवला, अन् मग उठलो. माणूस गेल्याचं ऐकून बी माझा हात थांबला नाही, कारण काम मागं पडलं होतं. अन् काम मागं पडलं होतं ते माझ्यामुळं... हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललो नाही. आता लिहून राहिलो.

आमचं ऑफिस म्हणजे भांड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. कंपन्यांचे शेअर ज्यायच्याजवळ आहेत, त्या लोकांचे कागद सांभाळायचं आमचं काम. वर्षातून एकदा कंपनीची सभा होते. सभेच्या एकवीस दिवस आधी सगळ्यायले कळवावं लागते, की सभा कधी आहे, विषय काय, नवा डायरेक्टर कोण, त्याचं कुठं कुठं नातं आहे, मत कसं द्यायचं, स्वतःले येणं जमत नसंल तर आपल्या बदल्यात दुसरा माणूस कसा पाठवायचा. दर एक-दोन सालात नवा नियम येते, की हे बी उघड करा, ते बी कळवा. माझी ना नाही, मालकाले घरातलं कळलंच पाहिजे, अन् शेअरवाला मालकच असते. पण नियमाची एक ओळ आमच्या जिन्यानं वर चढेपर्यंत तिची चार पानं होतात. ती पानं निखाडे बाबू तयार करत. मी घडी घालून, लिफाफ्यात भरून, पत्ता चिकटवून पोस्टात नेत असे. दुसरी पास आहो मी. पण बत्तीस वर्षांत पत्ता चुकल्यामुळं माझा एक लिफाफा परत आला नाही. कोणी विचारो न विचारो, मी हे सांगतो.

बाबूची एक सवय होती. काम कोणतंही असो, आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं, तोंड आपल्याकडं करून. मग कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचं, 'सुरू १०.२०'. संपलं की 'बंद'. मधात पाणी प्यायले उठले तर ते बी लिहीत. घडी घालायले दोन बाया येत, त्यातली कमलबाई मोठी बोलकी. ती म्हणे, "बाबू, मी तंबाखू मळून राहिली, लिहून घ्या." बाबू हसत नसत. "लिहिलं बाई. माणूस काम करंल तर तंबाखू बी मळंल. ते धरलं नाही तर अंदाज खोटा." अन् मले हळूच म्हणत, "सुखदेवभाऊ, वरच्यायले वाटते कागद आपोआप भरते. कोणाचे तरी दिवस जातात त्याच्यात." साहेबासारखे कपडे घालणाऱ्या माणसानं मले भाऊ म्हणणं, अन् बत्तीस वर्षं म्हणणं... मी त्याचा अभिमान धरला. तिथंच सगळं बिघडलं.

आदल्या साली व्यापाऱ्यांच्या एका मंडळाचं पत्र आलं. नवा नियम येऊ घातला होता, की ज्या शेअरवाल्यायचं इमेल नाही, त्यायले पोस्टानं चिठ्ठी पाठवायची, अन् त्या चिठ्ठीत लिहायचं की कंपनीचा अहवाल इंटरनेटवर अमुक जागी आहे. कमलबाई म्हणे, "ज्याच्याजवळ इमेल नाही त्याले चिठ्ठी धाडून सांगायचं की इंटरनेटवर पाहा. वा गा नियम." मंडळानं विचारलं होतं, की ह्या एका नियमाले किती वेळ लागंल अन् किती माणसं, अंदाज कळवा. बाकीच्या ऑफिसांनी चहा पिता पिता आकडा टाकला असंल. बाबूनं आठ दिवस घेतले. यादी काढायले किती, चिठ्ठी छापायले किती, ती तपासायले किती, सगळं घड्याळ ठेवून मोजलं. अन् मग माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले.

"सुखदेवभाऊ, लिफाफ्यायचे पाच शेकडे करा. पहिल्या चारांत मी घड्याळ पाहत नाही. पाचवा मोजतो."

"काहून? पहिल्याले काय झालं?"

"पहिला शेकडा कोणी बी पळवते. पाचव्यात माणूस खरा दिसते."

मले ते टोचलं. त्याच महिन्यात शेठजी जिन्यावर मागून येता येता म्हणाले होते, "सुखदेव, आता चढवत नाही तुले." उजव्या हाताचा अंगठा दोन वर्षांपासून सुजत होता, तो मी कोणाले दाखवत नव्हतो. पाचव्या शेकड्यापर्यंत तो लाकडासारखा होई. मी म्हटलं, "एकच मोजा. माझा पहिला अन् पाचवा सारखाच राहते." अन् असा सुटलो की काय सांगू. कमलबाई म्हणे, "म्हातारं आज वारं पिऊन आलं वाटते." शंभर लिफाफे झाले, बाबूनं घड्याळ पाहिलं. अडतीस मिनिटं.

"रोज असंच होते?" त्यायनं विचारलं.

"होते."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"लिहू ना मग?"

मी अंगठा मुठीत दाबून म्हटलं, "लिहा."

तीन वेळा विचारलं त्या माणसानं. तीन वेळा.

नियम यायचा तो आला. आमचा अंदाज वरपर्यंत गेला की कुठं बांधून पडला, देव जाणे. पण त्याची एक नक्कल शेठजीच्या खणात राहिली. सभांचे दिवस जवळ आले तसे ते म्हणाले, "बाबूच्या कागदावर तर सुखदेव एकटा पुरून राहिला." दोघी बायांले नाही म्हणून सांगितलं. कमलबाई आपली पिशवी घेऊन जिन्यापर्यंत गेली, थांबली, अन् मले म्हणाली, "पळा आता, दादा." बस, एवढंच. मी खाली पाहून गोंद ढवळत राहिलो.

तिसऱ्याच दिवशी गठ्ठे तुंबले. एकवीस दिवसांची अट कोणासाठी थांबत नाही. बाबूचं स्वतःचं काम संपलं की ते बाह्या वर करून माझ्यासमोर बसायचे अन् घड्या घालायचे. हातानं कधी ते काम केलेलं नाही, कागदाची कोर बोटाले कापे. पण एक गोष्ट मी पाहिली. तिथं बसताना त्यायनं घड्याळ काढलं नाही. मी एकदा म्हटलं, "बाबू, सुरू लिहिलं नाही?" ते म्हणाले, "हे कुठं कामात आहे, भाऊ. हे आपलं असंच." छातीत भरून येते म्हणून धंतोलीच्या डॉक्टरनं त्यायले भरती व्हायले सांगितलं होतं. त्यायच्या घरून वहिनीचा फोन रोज येई. बाबू म्हणत, "सभा होऊ दे वं." मी समोर बसून ऐकत होतो. रोज सकाळी जिना चढताना ठरवत होतो, की आज शेठजीले सांगतो, माझा आकडा खोटा होता, बायांले बोलवा. रोज वर पोहोचेपर्यंत दम लागे, अन् दम लागला हे दिसू नये म्हणून दारात थांबून मगच आत जाई. असा माणूस काय सांगणार... एकदा शेठजीनंच बाबूसमोर विचारलं, "काय सुखदेव, होते ना?" मी म्हटलं, "होते." बाबूनं मान वर केली नाही. पुढची घडी घातली.

आठव्या दिवशी दुपारी ते टेबलाले धरून उभे राहिले. चेहरा घामानं भिजला होता. मी त्यायची बॅग घेतली, दंडाले धरून जिना उतरलो, ऑटोत बसवलं. मी बी चढू लागलो तर हात आडवा केला. "तुम्ही नका येऊ. पिन कोडनं गठ्ठे लावून ठेवा, उद्या जड जाईल." हे माझ्याशी त्यायचं शेवटचं बोलणं. उद्याची काळजी माझी, अन् उद्या त्यायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी शेठजी फोन घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

वहिनी म्हणतात, नस जुनीच बंद होती, डॉक्टरनं तसं सांगितलं. माझं समाधान व्हावं म्हणून म्हणतात. होत नाही. जुनी बंद नस बसून बसून घड्या घालायले सांगत नव्हती.

पाच आठवड्यांनी पारशिवनीले गेलो, बाबूच्या गावच्या घरी. वहिनी तिथंच राहायले गेल्या होत्या. चहा दिला, अन् एक वही पुढं केली. "भाऊजी, हे ऑफिसचं दिसते. पाहा बरं." ती अंदाजाची वही होती. मी हळू वाचतो, ओळीखाली बोट ठेवून. माझं पान सापडलं. 'लिफाफे १००, अडतीस मिनिटं.' अन् त्याच्या खाली बारीक पेन्सिलीनं, 'पाचवा मोजू दिला नाही. ही वेळ दिवसभर टिकणार नाही, अंगठा सुजलेला आहे. पण सुखदेवभाऊंनी शब्द दिला आहे. तो मी कसा खोडू.'

त्यायले माहीत होतं. मी येडा, मुठीत अंगठा लपवत होतो. त्यायनं माझा मान ठेवला, अन् मग त्या मानाचं ओझं स्वतःच्या हातानं उचललं, घड्याळ न काढता. त्यायले ठाऊक नसतं तर मी काही ना काही करून जगलो असतो. आता ते बी नाही. वहिनी म्हणाल्या, "काय लिहिलं आहे, भाऊजी?" मी म्हटलं, "ऑफिसचंच आहे." तिथं बी खोटंच बोललो. येताना एसटीत वही मांडीवर होती अन् मले रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं झालं असतं.

परत येऊन ऑफिसात गेलो, तर बाबूच्या खुर्चीवर नवी पोरगी बसली होती, बी. कॉम. झालेली. मंडळाचं पत्र पुन्हा आलं होतं, पुन्हा एक नवा नियम, पुन्हा अंदाज मागितला होता. शेठजीनं तिले माझ्यादेखत सांगितलं, "उद्या पाठवून दे. जुनाच आकडा टाक, बाबूचा. सुखदेव एकटा करते तेवढं." ती लाजत म्हणाली, "काका, मग गर्दीच्या दिवसांत घड्या घालायले मी बसत जाईन तुमच्यासंगं." तिच्या टेबलावर, बाबूचं घड्याळ राहायचं त्या जागी, तिची पाण्याची बाटली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाले मी माझ्याजवळच्या किल्लीनं ऑफिस उघडलं. चुकीच्या छापल्या गेलेल्या चिठ्ठ्या अन् लिफाफे माळ्यावर पडून होते, ते उतरवले. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, तोंड माझ्याकडं. चार शेकड्यांत त्याच्याकडं पाहिलं नाही. उजेड चढला, खाली भांड्यांच्या दुकानांची शटरं वर गेली, पोरगी आली अन् गुपचूप बसून पाहत राहिली. पाचव्या शेकड्याले बाबूच्या वहीत 'सुरू' लिहिलं. दोनदा पाणी प्यायलो, ते लिहिलं. अंगठा उघडेना म्हणून तो गरम पाण्यात धरून बसलो, ते बी लिहिलं. मग 'बंद'. एक तास चोवीस मिनिटं. वरचं अडतीस खोडलं नाही, बाबूनं खोडलं नव्हतं. त्याच्या खाली ही वेळ लिहिली, अन् तिच्या पुढं माझं नाव, पूर्ण. शेठजी साडेअकराले आले. त्यायच्यासमोर वही उघडी ठेवली, तिच्यावर माझा उजवा हात पालथा ठेवला, अंगठा दिसंल असा, अन् म्हटलं, "मागचा आकडा बाबूचा नव्हता. माझा होता, अन् खोटा होता."