दसऱ्याला न निघालेल्या पिशव्या

गॅसच्या टाकीखालून पांढरं धुकं निघालं आणि जमीन धरून चहाच्या शेडकडे सरकू लागलं. मी ऑफिसात चहा देऊन रिकामी किटली घेऊन परत येत होते. दुपारचे तीन वाजले असतील. कडक ऊन होतं. उन्हात गुडघ्याएवढं धुकं बघितल्यावर काय ते कळलं. टाकीखाली माझा मुलगा दोन्ही हातांनी झडपेचा दांडा ओढत होता आणि झडपेवर बर्फ धरलं होतं. शेडमध्ये माझी धाकटी जाऊ पेटत्या शेगडीवर दूध तापवत उभी होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

भोंगा वाजला नाही. भोंगा वाजला की आधी शेगडी बंद करायची आणि मग पळायचं, हे आम्हाला पाठ होतं. सरावाच्या दिवशी जाऊ माझ्याही आधी शेगडीच्या बटणाला हात घालायची. मी ओरडले. बाजूला कंप्रेसर चालू होता, त्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मुलाने मान वळवली आणि एक हात सोडून मला मागे जायची खूण केली. मी किटली टाकली आणि उलटी पळाले. मुलाकडे गेले नाही, जावेकडेही गेले नाही. मग पाठीवर कुणी तापलेली फळी हाणावी तसं झालं आणि मी तोंडावर पडले.

आमचा कारखाना रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर होता. तिथे गॅस यायचा, त्यातले प्रकार वेगळे करून टाक्यांत भरायचे. मी चौथी शिकलेली, मला एवढंच समजलं. मी आणि जाऊ तिथे कंत्राटावर झाडलोट करायचो आणि चहा द्यायचो. मुलगा आधी मुंबईत होता. आमच्या वाडीतले सगळे पुरुष असतात, तसाच. त्याला मी परत बोलावला. एका खोलीत सहा जण झोपता, आणि इथे घर रिकामं पडलंय, असं दोन वर्षं फोनवर सांगत राहिले. शेवटी तो बायको-मुलं घेऊन आला आणि टाक्यांवर कामाला लागला. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, ते अधूनमधून खालच्या झडपेतून काढावं लागतं. ते काम त्याचं.

टाकीभोवती जमिनीपासून वीतभर उंच चार डब्या बसवलेल्या होत्या. गॅस सुटला की त्यांना आधी कळतं आणि भोंगा वाजतो. साहेब लोक त्यांना डिटेक्टर म्हणत, आम्ही बायका नाकं म्हणायचो. पावसाळ्यात नाकांत पाणी जाई आणि भोंगा उगाच बोंबलत बसे. सुपरवायझर वैतागून म्हणाला, काहीतरी करा यांचं. आमच्याकडे पावसाच्या आधी सगळंच झाकतात, लाकडं काय, गवत काय, पडवीची बाजू काय. आम्ही दुधाच्या रिकाम्या पिशव्या नाकांवर उलट्या घातल्या आणि सुतळीने आवळल्या. भोंगा गप्प झाला. सुपरवायझरने शाबासकी दिली. पुढे दर वर्षी मे संपता संपता ते आमचं ठरलेलं काम झालं.

पिशव्या काढायच्या त्या खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. आम्ही बायका आदल्या दिवसापासून सगळं धुऊनपुसून ठेवायचो. सुतळ्या कापायच्या, नाकं फडक्याने पुसायची, एकेकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. चार महिने ती बंद असायची याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मलाही नाही. कंट्रोल रूमच्या पडद्यावर शून्य दिसायचं आणि शून्य बघून सगळे खूश असायचे.

एका श्रावणात मुंबईहून तपासणीची माणसं आली. चार दिवस मोठ्या खोलीत बसली. भिंतीवर नकाशा, पुढ्यात रकाने आखलेले कागद. काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय होईल, आणि अडवायला आपल्याकडे काय आहे, असे एकामागून एक प्रश्न. मी दिवसातून चार वेळा चहा घेऊन जायचे, त्यामुळे बरंच कानावर पडलं.

जाऊ विचारायची, "आक्का, काय करतात गो एवढी माणसं आत बसून?"

"मरायच्या वाटा मोजतात," मी म्हटलं.

"मग एकेक काय मोजतात? पोटाला नाय मिळालं की मरतंच माणूस. लिवा म्हणावं आधी तां."

तिसऱ्या दिवशी टाकीचा विषय निघाला. त्यांची मुख्य एक तरुण बाई होती, इंजिनिअर. तिने विचारलं, पाणी काढताना झडप बंदच झाली नाही तर? दुसऱ्याने सांगितलं, गॅस बाहेर येईल, थंडीने झडप आणखी गोठेल, गॅस खालून पसरेल आणि चहाच्या शेडपर्यंत जाईल. ती म्हणाली, मग अडवायला काय आहे? आमच्या सुपरवायझरने बसल्या जागेवरून सांगितलं, चार डिटेक्टर आहेत, भोंगा वाजतो, शेगडी बंद होते. तिने ते लिहून घेतलं.

खिडकीतून टाकी दिसत होती. चारही पिशव्या दिसत होत्या. मी ट्रे धरून उभी होते आणि माझ्या मुलाचं काम काय आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी ती बाई हात धुवायला बाहेर आली. म्हणाली, मावशी, चहात आलं फार घालता. मी म्हटलं, "बाय, ती नाकं बांधलेली हायत. पिशव्या घातल्यात आम्ही. तुम्ही लिवलंत ना, भोंगा वाजतो? नाय वाजणार."

तिने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून बघितलं. माझ्याकडून छत्री घेऊन सरळ टाकीपाशी गेली. पिशवीला हात लावून आली. मला म्हणाली, बरं केलंत सांगितलंत. ती प्रामाणिक होती, तिला मी दोष देत नाही.

चौथ्या दिवशी खोलीत आवाज चढले. सुपरवायझरने मला बाहेर गाठून विचारलं, "मावशी, चहा द्यायला ठेवलंय की तोंड चालवायला?"

पंधरा दिवसांत कागद आला. त्या चारही नाकांवर पावसात चालतील अशी टोपणं बसवावीत, ते काम इन्स्ट्रुमेंटच्या, म्हणजे अशी उपकरणं सांभाळणाऱ्या लोकांनी करावं. आणि त्याखाली दुसरं कलम. झाडलोटीच्या किंवा कंत्राटाच्या माणसांनी यापुढे कुठल्याही उपकरणाला हात लावू नये, लावल्यास काम जाईल. कलम वाईट नव्हतं. आमच्यासारख्यांनी हात लावला म्हणूनच तर ती बंद होती.

टोपणं मागवली होती, ती आली नाहीत. खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा त्या वर्षी गेटजवळ टेबलावर झाली, एक पाना आणि एक हातोडी मांडून. टाक्यांकडे जायला परमिट लागेल म्हणाले. इन्स्ट्रुमेंटवाल्यांना वाटत होतं पिशव्या बायका काढतात, दर वर्षी काढतात. आम्हाला वाटत होतं ते काढतील. पिशव्यांवर शेवाळ चढून त्या डब्यांच्याच रंगाच्या झाल्या होत्या.

मी मुलाला घरी सांगितलं, तू काढ.

"आये, माझ्या हातचं काम नाय तां," तो म्हणाला. "परमिटाबिगर हात लावला तर उद्या घरी बसवतील. मी बोललोय कंट्रोल रूमला. यादीत हाय म्हणाले."

"यादी काय वास घेणाराय?"

"मग तुझा हात नेऊन लाव. तुलाच तोंड उघडायची हौस."

तो चिडून जेवायला बसला.

रोज शेडमधून टाकीकडे बघायचे. पंधरा पावलांवर पहिलं नाक होतं. पदराला भाजीची सुरी पुसून घेऊन गेले असते तर सुतळी एका झटक्यात तुटली असती. गेले नाही. नोकरीची भीती म्हणू नका, माझी नोकरी कसली. माझ्यापायी मुलाचं काम जाईल आणि तो परत मुंबईला जाईल, ही भीती होती. एकदा चालत निम्म्या वाटेपर्यंत गेले होते. सुपरवायझर गेटकडून येताना दिसला, तशी झाडू मारल्यासारखं करून परत फिरले.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. त्यानंतरच्या आठवड्यात ती दुपार.

चौकशीची माणसं इस्पितळात आली तेव्हा मी पालथी झोपलेली होते. नाकांवर वितळलेलं प्लास्टिक मिळालं, ते कुणी घातलं, असं विचारलं. मी घातलं म्हटलं. मग न काढण्याचं कारण काय? कागद आहे तुमच्याकडे, तो वाचा, म्हटलं. त्यांनी माझा अंगठा घ्यायला शाई पुढे केली. मला सही येते, असं सांगितलं आणि सही केली.

टाकीपाशी मुलगा होता, शेडमध्ये जाऊ, वाटेवर मी. जाऊ जागेवर गेली. मुलाला कोल्हापूरला नेलं होतं, तो नवव्या दिवशी गेला. सुपरवायझर त्या दिवशी रजेवर होता. वाचले ती मी एकटी.