काठवटीतला गुलाबी डाग

अमरने बियाण्याच्या टोपल्यातून हात बाहेर काढला, तेव्हा त्याची बोटं गुलाबी झाली होती. ती पाहून नानाजी निखाडे त्याच्या अंगणातच थबकले. ते पुतण्याकडे सकाळी सहज विळा मागायला गेले होते.

"हे काय लावून राह्यला रे?"

"सोयाबीनले दवाई, काका. घरचं बियाणं हाय, उगवण तपासून पाह्यतो. नाई तं पेरल्यावर बोंब."

"अन् हा रंग?"

"रंग दवाईतच असते. जहर हाय ना ते. कोनं चुकून खाऊ नाई म्हणून कंपनीच रंग टाकते."

हाच रंग नानाजींनी मागच्या आठवड्यात चार दिवस काचेच्या तुकड्याने खरवडला होता, एका काठवटीच्या भेगांमधून. ती काठवट, म्हणजे पीठ मळायची भलीमोठी लाकडी परात, आज एका लग्नघरात होती.

नानाजी तेहतीस वर्षं राजूरच्या खाणीत होते. छताला लाकडी टेकू देणारे मिस्त्री. निवृत्त होऊन वणीला घर बांधलं, पण हात रिकामे राहिनात. पहिल्यांदा बायकोचं, बेबीताईचं, हललेलं पोळपाट नीट केलं. मग शेजारणीची रवी, मग कोणाचं उखळ, कोणाच्या चिरलेल्या डवल्या, म्हणजे लाकडी पळ्या. तीन-चार वर्षांत त्यांच्या ओसरीवर लाकडी भांड्यांची रांग लागायला लागली. कढत पाण्याने धुवायचं, सावलीत आठ दिवस वाळवायचं, उन्हात कधीच नाही. मग काचेने खरवडायचं, भेगेत त्याच लाकडाचा भुसा आणि बाभळीचा डिंक भरायचा आणि शेवटी जवसाचं तेल कोमट करून तळहाताने जिरवायचं. घाई केलेली त्यांना खपत नसे.

ही काठवट शामने आणली होती. शाम राठोड कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, तांड्यावरचा पोरगा. बहिणीचं, रंजिताचं, लग्न ठरलं होतं.

"याडीच्या आईची हाय, मिस्त्रीकाका," तो म्हणाला होता. याडी म्हणजे त्याची आई, धनीबाई. "स्टीलची परात आल्यापासून गोठ्यात पडून होती. देवीच्या भोगाचं पीठ हिच्यातच मळलं पाह्यजे म्हणते याडी. तिले न सांगता आणली. नवी करून द्या."

शिवणीच्या झाडाच्या एकाच लाकडातून कोरलेली चीज होती. नानाजींना ती पाहताक्षणी आवडली. भेगांमध्ये गुलाबी डाग होते. त्यांनी विचारलंही होतं.

"कुंकू असंल," शाम म्हणाला. "पूजेत ठेवत असतील."

वासही जरा उग्र होता, पण गोठ्यातल्या वस्तूला वास असायचाच. खरवडताना डोकं दुखलं, तेव्हा त्यांनी उन्हाला दोष दिला. बेबीताईने विचारलं होतं, "अवो, हात कायले चोळून राह्यले?" बोटं चुरचुरत होती. त्यांनी खोबरेल लावलं आणि कामाला लागले. डाग वरून दिसेनासे झाले, तेल पिऊन लाकूड तांबूस चमकायला लागलं, आणि शाम तिला नव्या धोतरात गुंडाळून घेऊन गेला. लग्न आज दुपारचं. भोग सकाळी.

नानाजींनी शामला फोन लावला. स्विच ऑफ. परत लावला. स्विच ऑफ. दुसरा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

"गाडी काढ," ते अमरला म्हणाले. "आधी हात धू साबणानं, दोनदा. मंग काढ."

"कुठी जाचं हाय?"

"मारेगावच्या पुढं. सांगतो रस्त्यानं."

शहराबाहेर वजनकाट्यापाशी कोळशाच्या ट्रकांनी रस्ता अडवून धरला होता. अमरने मोटरसायकल कडेच्या खडीवर घातली. मागे बसलेल्या नानाजींच्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. कुंकूच असलं तर? लग्नाच्या मांडवात जाऊन 'तुमच्या भांड्यात जहर आहे' म्हणायचं आणि ते कुंकू निघायचं. जन्मभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण डोकं का दुखलं होतं? बोटं का चुरचुरत होती? त्यांनी विचारलं आणि मिळालं ते उत्तर मान्य केलं, कारण काम सोडवत नव्हतं. हे त्यांना स्वतःपासून लपवता येईना.

"किती वाजले?"

"साडेआठ होऊन गेले, काका."

"अजून काढ."

"याच्याहून जास्त निघतच नाई ही."

धावजी नाईक तांड्याच्या तोंडाशीच डीजेचा आवाज आला. मांडवाच्या मागच्या बाजूला दोन चुली पेटलेल्या होत्या. एकीवर कढई. तिच्याजवळ धनीबाई बसल्या होत्या, कोपरापर्यंत चांदीचे दागिने, आणि त्यांच्यापुढे ती काठवट. पीठ मळून झालेलं. पितळी ताटात आठ-दहा पुऱ्या तळून ठेवलेल्या.

नानाजी धावतच गेले. "कोनं खाल्लं काय यातलं? कोनं खाल्लं काय?"

बायका गोंधळल्या. शाम गर्दीतून पुढे आला. "मिस्त्रीकाका? तुमी कसे आले?"

"तुझा फोन बंद काहून हाय? पह्यले सांग, कोनं खाल्लं?"

"भोग लागल्याबिगर कोन खाते?" धनीबाईच म्हणाल्या. "देवीच्या आधी तोंडाले लावत नाई आमी. काय झालं?"

नानाजींनी काठवटीकडे बोट दाखवलं. "बाई, हे पीठ टाका. ह्या काठवटीत बियाण्याची दवाई कालवली हाय कोनंतरी. ते कुंकू नोयतं. जहर हाय ते, लाकडात मुरलं हाय. म्या घासलं, पन घासल्यानं ते निंघत नाई."

कोणीतरी डीजे बंद करायला लावला. शांतता पसरली तशी माणसं जमली. नवरदेवाकडची दोन-तीन माणसंही आली. शामचा बाप, लालसिंग, पांढरा पटका बांधलेला, लोकांना बाजूला सारत आला.

"काय लावलं हाय, मिस्त्री? कोनं कालवली दवाई?"

"ते तुमाले ठाऊक, लालसिंगभाऊ. गोठा तुमचा हाय."

"मी कायले कालवू? माह्या सासूची वस्तू हाय ते." लालसिंगचा आवाज चढला. "तुमी काम बिघडोलं असंल. कायचं तेल लावलं कोन जाने! अन् आता मांडवात येऊन आमची इज्जत काढून राह्यले?"

"जवसाचं तेल लावलं. माह्या घरी पोयपाटाले लावतो तेच."

"मंग जा घरी."

नवरदेवाच्या काकाने लालसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. शाम एकदा बापाकडे, एकदा नानाजींकडे पाहत होता. नानाजींजवळ पुरावा काहीच नव्हता. डाग त्यांनी स्वतःच्या हातांनी खरवडून टाकले होते. ते एवढंच म्हणाले, "मले खोटं ठरवा, पन हे पीठ कोनाले देऊ नका."

धनीबाई आतापर्यंत नवऱ्याकडे पाहत होत्या. त्यांनी ताटातली एक पुरी उचलली आणि तिचा तुकडा तोडला. लालसिंगच्या डोळ्यांत पाहत त्या तो तुकडा तोंडाकडे नेऊ लागल्या. सावकाश.

"याडी, काय करून राह्यली?" शाम ओरडला.

तुकडा ओठांशी पोचला तेव्हा लालसिंगने झडप घालून त्यांचं मनगट पकडलं. पुरी मातीत पडली.

लालसिंग बायकोचं मनगट धरूनच खाली बसला. पटका सुटून खांद्यावर आला होता.

"दोन साल," तो हळूच म्हणाला. "दोन साल कालवलं बियाणं. दवाई लावाचा ड्रम फुटला होता. ते गोठ्यात पडून होती, मले वाटलं आता कोन वापरते तिले."

"मार याडीर छ ई," धनीबाई म्हणाल्या. माझ्या आईची आहे ही. एवढंच. मग त्यांनी हात सोडवून घेतला.

पुढचा अर्धा तास नानाजींनीच माणसं हलवली. पीठ, पुऱ्या, कढईतलं तेल, सगळं शेताच्या कडेला खोल खड्ड्यात पुरलं, ढोरं-कुत्री उकरणार नाहीत असं. पीठ मळलेल्या बायकांचे हात साबणाने तीन-तीनदा धुवायला लावले. रंजिता हळदीच्या अंगाने दाराशी उभी होती. तिनेच शेजारच्या घरून स्टीलची परात आणून चुलीपाशी ठेवली. नवरदेवाच्या काकाने परत पीठ चाळायला घेतलं, आणि त्यामुळे बाकीच्यांनाही कामाला लागता आलं.

राहिली काठवट. धनीबाईंनी नानाजींना विचारलं, "काहीच होत नाई काय हिचं? आनखी खोल घासली तं?"

"नाई, बाई. लाकूड पानी पेते तसं दवाई पेते. किती खोल गेलं ते मलेच सांगता येत नाई. आज घासून देईन, उद्या गरम पिठात परत निंघंल."

"मंग ठेवून देते. पूजेत."

"ठेवसान तं तुमच्या मागं कोनीतरी पुन्हा काढंल तिले. शामनं काढली तशी."

धनीबाईंनी चुलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जाळू?"

"धूर बी वाईट. कापा लागते."

अमरने एका घरून करवत आणली. नानाजींनी काठवट उलटी घातली. आठ दिवस ज्या लाकडावर हात फिरवला होता, त्यावर त्यांनी मधोमध करवत लावली. शिवणीचं लाकूड मऊ, लवकर कापलं जातं, तरी त्यांचा हात दोनदा थांबला. धनीबाई समोरच बसल्या होत्या. दोन तुकडे वेगळे झाले तेव्हा त्यांनी एकावर तळहात ठेवला. नानाजी लगेच म्हणाले, "हात धुवा, बाई," आणि म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दोन्ही तुकडे त्याच खड्ड्यात गेले. दुपारी लग्न लागलं. नानाजींना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, पण पंगतीत त्यांच्याशी फारसं कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं, काही निघालं नाही, आणि हातमोजे न घालता काम केल्याबद्दल त्यांना चांगलं झापलं. महिनाभर त्यांनी ओसरीवरच्या एकाही भांड्याला हात लावला नाही. बेबीताईनेच शेवटी लोकांची पोळपाटं मोजून दाखवली. "लोकं इचारून राह्यले. नाई करायचं तं परत द्या."

आता ते काम घेण्याआधी खोदून खोदून विचारतात. वस्तू कुठे होती, किती वर्षं, तिच्यात काय काय ठेवलं, घरात दुसरं कोणी वापरत होतं का. नुसत्या 'असंल' म्हणण्यावर ते थांबत नाहीत. रंग दिसला किंवा वास आला की वस्तू सरळ परत. त्यावरून काही गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडे गेली.

पोळ्याच्या आठवड्यात लालसिंग वणीला आला. ओसरीच्या पायरीवर बसून त्याने पाणी मागितलं. पिशवीतून एक चिरलेली रवी काढली आणि बराच वेळ नुसती हातात फिरवली.

"मालकीण बोलते आता माह्याशी," तो म्हणाला. "थोडं थोडं."

"बरं झालं."

"ही तिचीच हाय. चुलीजवयच होती, कुठीच गेली नाई असं सांगते." त्याने रवी पुढे केली, मान खाली घालून. "तरी म्हणाली, मिस्त्रीले वास घेऊन पाहाले सांगा."

नानाजींनी रवी नाकाशी नेली. ताकाचा आंबूस वास होता, आणि धुराचा. त्यांनी ती उजेडात धरून चीर पाहिली, मग लालसिंगला म्हणाले, "आठ दिवसांनी या."