शुक्रवारचा बाराचा खेळ

थेटरात कुठला पिक्चर लागणार हे कोण ठरवतं, सांगा बरं? तुम्ही? तिकीट तुमचं, टाळी तुमची, शिट्टी तुमची. पण ठरवतो मुंबईत बसलेला वितरक. धाराशिव कुठंय विचारलं तर मोबाईलवर शोधत बसेल.

या माणसाशी परवा आमच्या मिनाजआपा फोनवर भिडल्या. मी समोरच होतो. अजून अंगातली झिंग उतरली नाही.

मिनाजआपा म्हणजे थेटरवाल्या दादामियाँची थोरली लेक. दादामियाँचे गुडघे गेले, भाऊ पुण्याला नोकरीला लागला, आणि एका पडद्याचं जुनं थेटर आपांच्या गळ्यात पडलं. लोक म्हणाले, बाईमाणूस, वर्षात गोडाऊन करील. तेच लोक आता बाल्कनीच्या तिकिटासाठी त्यांना सलाम ठोकतात.

पिक्चर पारखायची आपांची रीतच न्यारी. इंटरव्हलला नव्या पिक्चरची झलक लावायची आणि स्वतः पडद्याकडं पाठ करून दारात उभं राहायचं. बाहेर चहाच्या गाड्यावरची माणसं तिथंच रेंगाळली, तर पिक्चर पडला. कप हातात घेऊन आत घुसली, तर चालला.

गेल्या आठवड्यात त्यांनी धनाजीच्या पिक्चरची झलक लावली. धनाजी तामलवाडीचा, मेंढपाळाचं पोरगं. आपलीच माणसं घेऊन, आपल्याच बोलीत त्यानं पिक्चर काढलाय. झलकीत बेंबळीची शांताक्का एसटीच्या कंडक्टरला सुनावते, "सुट्टे न्हाईत म्हणून खाली उतरवतूस व्हय? मग ह्ये कोकरू ठिऊन घे, अन् उरलेले पैशे परत दे."

आवाज गाड्यापर्यंत गेला. "आरं, ही तर आपली शांताक्का," कुणीतरी म्हणालं, आणि अख्खा गाडा आत. चहावालासुद्धा, किटलीसकट. आपांनी पडद्याकडं वळूनही पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "भाऊ, चालला."

चालला, पण लावायचा कुठं? मोठ्या हिंदी पिक्चरचा वितरक अडून बसलेला. चारही खेळ माझे, नाहीतर पिक्चर देत नाही. आणि तो पिक्चर नसला तर थेटर चालत नाही. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मोर्चा काढू. एक काच शिल्लक ठेवणार न्हाय."

"बसा खाली," आपा म्हणाल्या. "काचा माझ्या हायत."

मग त्यांनी त्या वितरकाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. धनाजी कोपऱ्यात उभा.

"शेठ, शुक्रवारी बाराचा खेळ मला सोडा."

"आपा, पहिल्या दिवसाचा पहिला खेळ कुणी सोडतं का?"

"इथं त्या वक्ताला जुम्मा असतो. निम्मं गिऱ्हाईक मशिदीत, माझा ऑपरेटर झुबेरपण मशिदीत. तुमचा हिरो रिकाम्या खुर्च्यांपुढं नाचतो. खोटं वाटत असेल तर मागच्या पिक्चरचे आकडे काढून बघा."

 शेठ हसून म्हणाला, "मग मेंढ्यांचा पिक्चर कोण बघणार? मेंढ्या?"

"खेड्यातली माणसं. सकाळच्या एसटीनं येतात, कामं उरकतात, संध्याकाळच्या आत परत. रातच्या खेळाला थांबली तर तुम्ही सोडायला येणार हाय का?"

"आणि मशीन कोण चालवणार?"

"मी."

शेठनं सुस्कारा टाकला. "बरं. एक शुक्रवार देतो. अर्धं थेटर भरलं तर आठवडाभर बाराचा खेळ त्याचा. नाही भरलं तर तिथंच उतरवा, आणि परत या विषयावर फोन नको."

फोन बंद झाला तसा धनाजी पोस्टरची गुंडाळी घेऊन पुढं आला. आपांनी हाक मारली, "झुबेर, शिडी काढ. पोस्टर लावायचंय." मी शिडी धरायला उठलो. गेली कित्येक वर्षं मी मोर्चे घेऊन कचेऱ्यांपुढं ओरडतोय. एका फोनवर एवढं मिळालेलं कधी बघितलं नव्हतं.

आता सगळं तुमच्यावर आहे. शुभेच्छांचे मेसेज टाकू नका, त्यांनी खुर्ची भरत नाही. ढोकीवाल्यांनो, ट्रॅक्टर भरून या. धनाजीचे सोयरे आहोत म्हणून फुकट आत घुसू नका; शेठ माणसं मोजत नाही, तिकिटं मोजतो. येत्या शुक्रवारी बाराच्या आत खिडकीवर या, तिकीट काढा, आणि शेजाऱ्यालाही घेऊन या.