विमानात दादांच्या सोबतीला

डोक्यावरून विमान गेलं की दादा हातातली सळई तंदूरवर आडवी ठेवायचे, मागच्या उघड्या दारातून मान बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "ह्ये चाललं बघ हट्ट्याला."

आमचं हॉटेल तोक्योच्या बाहेर, विमानतळाच्या वाटेवर. दिवसभर विमानं जायची आणि दादांच्या लेखी सगळी हट्ट्यालाच, त्यांच्या गावाला जायची. मी म्हणायचो, दादा, हे तर उलटीकडं चाललंय. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "दुनिया गोल हाय ना? मंग फिरून यीलच की."

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मी औंढ्याजवळच्या तांड्यातला. सातवीत शाळा सोडली, नांदेडच्या ढाब्यावर भांडी घासली, मग मुंबईच्या एका हॉटेलात कणीक मळायला लागलो. दादा तिथं तंदूरवर होते. त्यांना जपानचं काम मिळालं तेव्हा ते तिथल्या मालकाला म्हणाले, मदतीला मला हाच पाहिजे. त्यांनी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतं तर मी अजून तिथंच कणीक मळत असतो. गावाकडं त्यांच्या ओट्यावर टेकायचं तर मी चारदा विचार केला असता. इथं आमची गादी गादीला लागून होती.

एकटं राहताच येत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दादा त्यातले. मोठ्या खटल्यातले, अंगणात ओळीनं झोपणाऱ्या भावंडांत वाढलेले. "मला एकट्याला झोप येत न्हाई," हे ते एवढ्या मिशा असूनही कोणालाही बिनदिक्कत सांगायचे. मला उशिराचं काम लागलं तर खोलीवर न जाता तिथंच पिठाच्या पोत्याला टेकून घोरत पडायचे.

सुट्टीला मी कुठं गेलो की ते कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसायचे. कपडे धुवायच्या मशीन असलेलं दुकान. धुवायला मात्र काही न्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, काहून बसता तिथं?

"माणसं येऊन राहिलेत रं. कोणाची चादर फिरते, कोणाची चड्डी फिरते. जिवाला बरं वाटतं."

तिथं एका जपानी म्हातारीशी त्यांचं चांगलं जमलं होतं. ती जपानीत बोलायची, हे मराठीत. दोघंही बराबर जागेवर मान डोलवायचे. ती त्यांना संत्री द्यायची, आणि दादा ती सोलता सोलता मला सांगायचे की बिचारीची सून फार तिखट आहे. हे त्यांना कळलं कसं, ते मला आजवर कळलेलं नाही.

एका हिवाळ्यात, सकाळी, दादा उठलेच नाहीत. मी शेजारीच होतो. हाक मारली, हलवलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

हट्ट्याला फोन लावला. एसटीडीवाल्यानं वहिनींना घरून बोलावून आणलं. मी कसंबसं सांगितलं. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांला घेऊन या. पण एकटं सोडू नका. त्यांला एकट्याला झोप येत न्हाई."

मी म्हणालो, न्हाई सोडत.

मढ्याजवळ कोणीतरी बसावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. कागदपत्रं, पेटी, तिकीट, सगळं मालकानं पाहिलं. माझ्याकडं एवढं एकच काम आलं होतं, आणि पेटी गाडीतून विमानतळावर पोचेपर्यंत ते मी केलं. मग दोन माणसांनी वाकून नमस्कार केला, पेटी एका मोठ्या दारातून आत नेली आणि दार बंद झालं. मला त्या दारातून जाता येणार नव्हतं.

तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीनं माझ्यासोबतचे कागद वाचले. तिचा चेहरा उतरला. ती आत जाऊन आली आणि माझं तिकीट बदलून तिनं दुसरंच दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. मालक सोबत होता, तो म्हणाला, तुझ्यावर असा प्रसंग आलाय म्हणून त्यांनी तुला पहिल्या वर्गात बसवलंय. माझ्यासाठी कोणी परक्यानं एवढं कधी केलं नव्हतं. नको म्हणायची छाती झाली नाही. मी वाकलो, तीही वाकली.

पहिला वर्ग म्हणजे विमानाचं अगदी नाक. खुर्ची कसली, पलंगच. पायात घालायला मऊ सपाता, तोंड पुसायला वाफाळता रुमाल. हवाईसुंदरी आली आणि काय हवं ते विचारायला चक्क माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. माझ्यापुढं असं कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही घाबरून खुर्चीतून उतरलो आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. तिला वाटलं माझं काही पडलं. ती खाली वाकून शोधायला लागली. तिच्यासोबत मीही शोधलं. दादा असते तर ही गोष्ट त्यांनी हॉटेलात वर्षभर पुरवली असती.

जेवण आलं. काळ्या चकचकीत डब्यात इवल्या इवल्या वाट्या, गाजराचं कापलेलं फूल. मढं पडलेलं असताना घास कसा उतरणार? मी हात जोडले. तिनं ते नेलं आणि सूप आणलं. मी हात जोडले. तिनं फळं आणली. मी नको म्हणालो की ती आणखी चांगलं काहीतरी आणायची, आणि तिचा चेहरा आणखी कष्टी व्हायचा. खिडक्यांचे पडदे ओढले, दिवे मंद केले, आजूबाजूचे साहेब लोक आडवे झाले. माझ्याही खुर्चीचा तिनं बिछाना करून दिला.

त्या बिछान्यावर मी बसून राहिलो. दादा याच विमानात कुठंतरी, अंधारात, सामानाच्या मध्ये. आणि मी किती लांब, तेसुद्धा ठाऊक नाही.

शेवटी मी तिला बोलावलं. माझं जपानी स्वयंपाकघरातलं. गरम, संपलं, किती माणसं, माफ करा. मृत्यूचा शब्द मला येत नव्हता. येत होते तेवढे शब्द एकामागे एक ठेवले. माझा मित्र. खाली. झोपलाय. कुठं?

तिला कळलं. ती गेली. बऱ्याच वेळानं त्यांच्यातल्याच एका वयस्कर बाईला घेऊन आली. त्या बाईनं हातानं खूण केली, खाली जाता येत नाही. मी म्हणालो, खाली नको. फक्त कुठं.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग ती मुलगी पुढं आणि मी मागं, असे आम्ही पडद्यामागून पडदे ओलांडत निघालो. विमान संपतच नव्हतं. माझ्यासारख्या लोकांच्या गच्च भरलेल्या रांगा लागल्या. तोंड उघडं टाकून झोपलेली माणसं, किरकिरणारी लेकरं. अगदी शेवटी, संडासांच्या जवळ, ती थांबली आणि दोन्ही हातांनी जमिनीकडं दाखवलं. इथं.

मी तिथंच खाली बसलो. तिनं मला उठवलं, भिंतीतली त्यांची घडीची खुर्ची उघडून दिली आणि पट्टा बांधला. पुन्हा पुढं जाऊन माझं पांघरूण घेऊन आली. मग थोडा वेळ माझ्याशेजारी मान खाली घालून उभी राहिली. तिचं नावही मी विचारलं नाही.

लोक संडासाला येत होते, माझ्या पायांना अडखळून माफी मागत होते. पाणी सोडल्याचे आवाज, दारं, कोणाचं तरी खोकणं. दादांना अशी जागा आवडली असती. विमान उतरायच्या वेळी मात्र त्यांनी मला परत पुढं नेलं. नियम होता.

मुंबईहून हट्ट्यापर्यंत मी गाडीत पेटीला हात लावून बसलो. वहिनींनी दारातच विचारलं, "तुम्ही संगं होते ना?"

"होतो. ते खाली होते, मी वर."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं रडल्या.

ओढ्याकाठी अग्नी दिला. जाळ चांगला धरल्यावर एकेक जण निघाला. दादांच्या चुलत्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, "चल लेकरा. मागं वळून बघायचं न्हाई."

मी विचारलं, "आता इथं कोण बसणार?"

"इथं कोणी बसत नसतंय," तो म्हणाला. त्यानं मनगट सोडलं नाही, आणि आम्ही सगळे गावाकडं चालायला लागलो.