बबीताच्या डोक्यावरून जाणारा उपग्रह

आखाती शहरातल्या नजमा वस्तीत, आमच्या खोलीत सगळ्यात गप्प माणूस बालाजी. एसी दुरुस्तीचं काम, गाव लातूरजवळ. लग्न करून महिन्याभरात परत आला तेव्हा आम्ही त्याला मनसोक्त चिडवलं. पण बबीताशी, म्हणजे बायकोशी, त्याचं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. जेवलीस का, जेवले, खलास. "अशानं परके होऊ आम्ही," तो एकदा म्हणाला, आणि खरंच घाबरलेला दिसला.

मग त्याला उपग्रहांचा नाद लागला. संध्याकाळी गच्चीवरून एक ठिपका पूर्वेकडे सरकताना दिसायचा. मोबाइल सांगे, हाच पुढे लातूरवरून जातो. गडी गणितात बुडाला. क्षितिजाजवळ ठिपका लांब असतो म्हणून रेंगाळतो, डोक्यावर आला की पळत सुटतो. हात लांब करून मूठ धरली, तर तेवढं आकाश तो दहा-बारा सेकंदांत ओलांडतो. इथून लातूर सहा मिनिटं! त्यानं फोन करून बबीताला तिकडे गावी गच्चीवर उभं केलं.

"मान मोडली माझी. काईच दिसना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बालाजीचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी तो ठिपक्याकडे टक लावून बसला, तर स्वच्छ आकाशात, पूर्वेला अर्ध्यावरच ठिपका विझला. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. उपग्रह चमकतो तो उन्हानं. इथं संध्याकाळ असते तेव्हा लातुरात रात्र झालेली असते, आणि तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. वेगाचं गणित बरोबर होतं, पण दोघांना एकाच फेरीत तो कधीच दिसणार नव्हता.

"ढग होते म्हणून सांग की," मी म्हणालो. माझा स्वभावच तसला. त्यानं ऐकलं नाही. पुढच्या संध्याकाळी गच्चीवर फोन स्पीकरवर टाकून सगळं खरं सांगितलं.

मग ती म्हणाली, "न दिसू दे. येतोय तर खरा? कुठं बघू, ते सांगा."

"पश्चिमेला मूठ धर. हळू सरकव... हळू... आता डोक्यावर आला, लवकर लवकर..."

इथं बालाजीचाही हात अंधारात सरकत होता. मी बाजूलाच बसून बघत होतो.

"गेला," तो म्हणाला. आता फोन बंद होणार, असं मला वाटलं.

"अहो," स्पीकरवर तिचा आवाज आला, "मला हितं करमत नाही."

बालाजी कठड्याला टेकून खाली बसला. "मलाबी नाही," तो म्हणाला.

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरलो.